मगर हलत का नाही, इथून सुरुवात करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी सात वर्षांची, मुलगा अकरा वर्षांचा. पुढच्या महिन्यात दोघांना मगरी दाखवायला न्यायचं ठरलंय. मुलीनं कुठल्याशा व्हिडिओत मगर हरणाला पाण्यात ओढून नेताना पाहिली आणि तेव्हापासून ती मगरीचं नावच काढू देत नाही. मुलाला उलट 'सगळ्यात मोठी कोणती आणि किती जोरात चावते' एवढ्यातच रस. आईला विचारायचंय की दोघांना एकत्र काय सांगायचं, किती सांगायचं, आणि जाण्याआधी घरी काही करून घेता येईल का.

मगरींची अंडी उबवून पिल्लं वाढवायच्या कामात मी वीसेक वर्षं काढली. शाळेच्या सहलींना माहिती सांगणं हे त्यातलं गळ्यात पडलेलं काम. पुढे तेच जास्त आवडायला लागलं. पण सुरुवातीची काही वर्षं मी एक चूक अगदी नेमानं केली. सहल आली की खाणं घालायची वेळ गाठायचो. मासा हवेत, जबडा खाडकन बंद, पाणी उडालं, मुलांची किंकाळी. सगळे खूश. मग एकदा एका शाळेतल्या बाईंनी मुलांनी नंतर काढलेली चित्रं पाठवली. पाय नसलेल्या मगरी होत्या, शेपूट विसरलेल्या होत्या, एक तर निळी होती. दात नसलेली एकही नव्हती. दोन तास माझ्यासमोर उभं राहून मुलांनी घरी काय नेलं, तर येताना जे माहीत होतं तेच.

त्यानंतर मी खाणं दाखवणं बंद केलं आणि मुलांच्याच एका प्रश्नापासून सुरुवात करायला लागलो. कुंपणाशी पोचल्यावर पहिल्या मिनिटात हा प्रश्न येतोच: "ही खरी आहे का? मग हलत का नाही?" मोठी माणसं "झोपलीय" म्हणून मुलांना पुढे ढकलतात. काही जण खडा मारून बघतात. तुम्ही तिथेच थांबा, कारण या प्रश्नाचं बोट धरून चाललं की मगरीचं बहुतेक सगळं जगणं ओळीनं समोर येतं.

आपण जे खातो त्यातला मोठा हिस्सा शरीर गरम ठेवण्यात खर्च होतो. मगर हा खर्चच करत नाही. ऊब हवी असली की ती उन्हात येते, फार झाली की सावलीत किंवा पाण्यात सरकते. तिच्या पाठीवरचे उंचवटे नुसते खवले नसतात. त्यांच्याखाली हाडाच्या चकत्या असतात, चकत्यांमध्ये रक्तवाहिन्या असतात, आणि उन्हाची ऊब त्यातून आत जाते. त्यामुळे तिला अन्न फारच थोडं लागतं. पूर्ण वाढलेली मोठी मगर काही महिने न खाताही राहू शकते. सात वर्षांच्या मुलीला एवढंच सांगा की मगर बॅटरी वाचवत बसलीय. मोबाइल हातात घेतलेल्या कुठल्याही मुलाला हे लगेच कळतं.

तोंड उघडं ठेवून पडलेली मगर दिसली की मुलं घाबरतात. ती रागावलेली नसते. तोंडाच्या आतल्या ओल्या कातडीतून उष्णता बाहेर पडते, हे त्याचं एक कारण. कधीकधी मगरी रात्रीही असं तोंड उघडून पडतात, तेव्हा तेवढंच कारण नसणार.

आता पाणी. ज्याला धावण्यात शक्ती घालवायची नाही त्याला लपावं लागतं. इथे घरी करायचा पहिला खेळ आहे. मुलांना आरशासमोर उभं करा आणि एक कागद आडवा चेहऱ्याला लावायला सांगा. कागद म्हणजे पाण्याची पातळी. नाक आणि डोळे दोन्ही पाण्याबाहेर ठेवायचे तर डोकं किती वर काढावं लागतं? आपलं अर्धं डोकं बाहेर येतं. मगरीच्या नाकपुड्या, डोळे आणि कान डोक्याच्या वरच्या बाजूला जवळजवळ एका ओळीत असतात, त्यामुळे दिसतात फक्त तीन छोटे उंचवटे, आणि बाकीची तीन मीटर मगर खाली असते. पाण्यात बुडी मारली की नाकपुड्या मिटतात, कानांवर झापड येते, डोळ्यांवर तिसरी पारदर्शक पापणी सरकते.

मुलगा हमखास विचारेल की पाण्याखाली तोंड उघडलं तर पाणी पोटात, फुप्फुसात जात नाही का. त्याला 'क' म्हणायला सांगा, पण आवाज काढायच्या आधी क्षणभर थांबायला सांगा. जिभेचं मूळ वर टाळूला चिकटून घसा बंद झालेला त्याला जाणवेल. मगरीच्या घशाशी याच जागी पडदा असतो, आणि तो आपल्यापेक्षा कितीतरी पक्का बसतो. तोंड उघडं, पाणी तोंडात, पण घसा बंद. मुलं मग पुढचा अर्धा तास 'क' न म्हणता फिरतात, त्याची तयारी ठेवा.

दुसरा खेळ ताटलीचा. पसरट ताटलीत पाणी घ्या. मुलानं डोळे मिटून बोटाचं टोक कडेला पाण्याला जेमतेम टेकवायचं. तुम्ही दुसऱ्या कडेला एक थेंब सोडायचा. कळलं का? बहुतेकदा कळत नाही. मगरीला कळतं. तिच्या जबड्यांच्या कातडीवर बारीक काळे ठिपके असतात. कुंपणाजवळ मगर असली तर ते उघड्या डोळ्यांनी दिसतात. प्रत्येक ठिपका म्हणजे पाण्याची हालचाल टिपणारं स्पर्शेंद्रिय. अंधारात, डोळ्यांचा काही उपयोग नसताना, थेंब पडला त्या दिशेला मगरवर्गातले प्राणी तोंड फिरवतात हे २००२ मध्ये प्रयोगात दिसलं. २०१२ मध्ये आणखी तपासणी झाली तेव्हा या ठिपक्यांची संवेदना माणसाच्या बोटांच्या टोकांपेक्षाही तरल निघाली. ज्या जबड्याला आपण नुसता कोयता समजतो, तो तिच्या अंगातला सगळ्यात नाजूक भाग आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मुलाचा चावण्याचा प्रश्नही टाळू नका. दोघांना दात घट्ट आवळायला सांगा आणि कानशिलावर बोटं ठेवायला सांगा. तिथे फुगतो तो जबडा बंद करणारा स्नायू. मग तुम्ही त्यांच्या हनुवटीखाली दोन बोटं टेकवून धरा आणि तोंड उघडायला सांगा. बऱ्यापैकी झगडावं लागतं. बंद करणारे स्नायू दांडगे, उघडणारे किरकोळ, हे आपल्यातही असतं. मगरीत हा फरक अफाट असतो. जवळपास सगळ्या जातींच्या मगरींचा चावा मोजून त्याचे आकडे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात खाऱ्या पाण्यातल्या मगरीचा चावा १६ हजार न्यूटनच्या वर निघाला. न्यूटन मुलांना कळत नाही, तेव्हा दीड टनाहून जास्त वजन दातांवर ठेवल्यासारखं, असं सांगा. आणि त्याच मगरीचं मिटलेलं तोंड चिकटपट्टीनं बंद ठेवता येतं. आम्ही मोठ्या मगरी हलवायचो तेव्हा तेच करायचो. मुलाला हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा जास्त आवडतं, असा माझा अनुभव आहे.

सगळ्यात मोठी कोणती? मोजमाप झालेल्यांपैकी फिलिपिन्समध्ये २०११ मध्ये पकडलेला लोलाँग नावाचा नर: ६ मीटर १७ सेंटीमीटर, वजन १,०७५ किलो. आकडा सांगून सोडू नका. तेवढी दोरी मोजून जमिनीवर अंथरा आणि त्याच्या एका टोकाशी शाळेची फूटपट्टी ठेवा. अंड्यातून बाहेर येणारं मगरीचं पिल्लू त्या फूटपट्टीएवढं किंवा थोडं आखूडच असतं. इथून मुलाला ओढत पिल्लांकडे आणता येतं. मुलीला मात्र मी आधी पिल्लं सांगेन आणि मग बाकीचं.

कारण ताई, तुमच्या मुलीनं जो व्हिडिओ पाहिला त्यात खोटं काही नाही. मगर शिकार करते, ओढून नेते, आणि तिला चावून बारीक करता येत नाही म्हणून तुकडा पकडून अंगाभोवती गरगरा फिरते; तोडण्याची तिची रीत ती. "काही करत नाही गं" असं म्हणू नका. मुलीनं डोळ्यांनी पाहिलंय, ती तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवला तर आणखी वाईट. तिला तोच जबडा दुसऱ्या कामात दाखवा.

मादी काठावर खड्डा उकरून अंडी घालते. आपल्याकडची गोड्या पाण्यातली मगर एका वेळी पंचवीस-तीस अंडी घालते आणि वर माती लोटून खड्डा बुजवते. खाऱ्या पाण्यातली मगर पानं, गवत, चिखल यांचा ढीग रचते. पाला कुजतो तशी त्यात ऊब तयार होते. पिल्लू नर होणार की मादी, हे अंड्याला मिळालेली ऊब ठरवते. साधारण ३० अंशांच्या आसपास राहिलेल्या घरट्यातून माद्या निघतात, ३२ अंशांच्या आसपास नर जास्त. आम्ही अंडी उबवताना अर्ध्या अंशावरून वाद घालायचो तो यासाठीच. 'भाऊ की बहीण हे ऊन ठरवतं' हे वाक्य मी आजवर ज्या ज्या वर्गात उच्चारलं, तिथे पुढची पाच मिनिटं मला बोलता आलेलं नाही.

दोन-अडीच महिने मादी घरट्याच्या आसपास राहते. मग एक दिवस मातीखालून आवाज यायला लागतात. पिल्लं अंड्यातूनच ओरडतात, बेडूक आणि कोंबडीचं पिल्लू यांच्या मधला म्हणता येईल असा बारीक 'उंक, उंक'. एक ओरडलं की शेजारची ओरडतात. नाईल मगरीवरचं एक संशोधन २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. अंड्यातल्या पिल्लांचे आवाज ध्वनिमुद्रित करून घरट्याजवळ वाजवले, तर बहुतेक आयांनी माती उकरायला सुरुवात केली. हाक ऐकल्याखेरीज वरची घट्ट बसलेली माती कोण काढणार? पिल्लांना ती एकट्यानं निघत नाही.

घरटं उकरल्यावर ती पिल्लांना तोंडात घेते. एखादं अंडं फुटत नसेल तर ते जीभ आणि टाळू यांच्यामध्ये हलकेच फिरवून कवच तडकवते. मग तोंडात पिल्लं घेऊन पाण्याशी जाते आणि जबडा उघडून डोकं हलवते, की ती पोहत बाहेर. ताटलीचा खेळ आठवतोय ना? ते ठिपके, ती बोटांच्या टोकांहून तरल संवेदना. दीड टनाचा चावा ज्या जबड्यात, त्यातच फूटपट्टीएवढं पिल्लू ओरखडाही न उठता जातं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नोकरीला चार वर्षं झाली होती आणि मगरींबद्दल आपल्याला पुरेसं कळतं असा माझा समज होता. तो त्या सकाळी गेला.

पूर्वी लोकांनी हेच पाहिलं आणि निष्कर्ष काढला की मगर स्वतःची पिल्लं खाते. दृश्य तेच: तोंडातून लोंबणारी शेपटी. तुमच्या मुलीला हा किस्सा सांगा आणि विचारा, तू असतीस तर तुला काय वाटलं असतं?

घडियालची, म्हणजे लांब चिंचोळ्या तोंडाच्या मासेखाऊ सुसरीची, गंमत वेगळी. तिचं तोंड पिल्लं उचलायला सोयीचं नाही. तिथे पिल्लं नराच्या पाठीवर आणि डोक्यावर गर्दी करून बसलेली दिसतात. चंबळ नदीतले असे फोटो तुम्हाला सहज मिळतील, ते मुलांना जरूर दाखवा. नराच्या नाकावर मडक्यासारखा फुगवटा असतो, त्यावरून तो ओळखू येतो. (नावांचा घोळ मुलं विचारतीलच. मगर आणि सुसर ही नावं आपल्याकडे इतकी सरमिसळ वापरली जातात की मी वाद घालणं सोडून दिलंय. पाटीवर काय लिहिलंय त्यापेक्षा तोंड रुंद आहे की चिंचोळं ते बघायला सांगा.)

शंभर पिल्लांमधलं एखाद-दुसरंच मोठं होतं. घोरपडी, बगळे, मोठे मासे, दुसऱ्या मगरी, सगळे त्यांना खातात; घरटी पुरात जातात ती वेगळीच. हे सात वर्षांच्या मुलीला सांगावं का? मी सांगतो. रडतील अशी भीती पालकांनाच जास्त असते. मुलं बहुधा गणित करतात: "म्हणून इतकी अंडी घालते होय!" आणि हरीण ओढणारी मगर जेव्हा स्वतः बगळ्याच्या चोचीत मावेल एवढी होती हे कळतं, तेव्हा त्या व्हिडिओची धार थोडी बोथट होते.

भीती पूर्ण जाऊ मात्र देऊ नका. तिला कुठे भ्यायचं ते सांगा. मगरींचा वावर असलेल्या नदीच्या, तळ्याच्या काठावर पाण्याला लागून उभं राहायचं नाही, वाकून हात धुवायचे नाहीत, संध्याकाळनंतर तर तिकडे जायचंच नाही. छोटं पिल्लू एकटं दिसलं तर ते एकटं नाही असंच समजायचं, आई जवळ आहे. आणि मुलांना हे तर नक्की सांगा: मगर दिसली तर काठापासून लांबच राहायचं, आणि पाण्यात काहीच दिसत नसेल तेव्हाही तितकंच सांभाळायचं. जमिनीवर ती थोडं अंतर बरीच जोरात येते पण लगेच दमते. नागमोडी पळा, हा सल्ला कुठून निघाला कोण जाणे. मागे फिरा आणि सरळ दूर जा. या उलट घरातल्या पलंगाखाली, शाळेच्या रस्त्यावर, स्वप्नात ती येऊ शकत नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगा.

अकरा वर्षांच्या मुलाला आणखी खाद्य लागेल. मगर डायनासोरची वंशज आहे असं तो बहुधा म्हणेल. नाही, ती त्यांची चुलत भावंडं. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनासोर संपले तेव्हा उरलेली. डायनासोरांचे खरे वंशज पक्षी, आणि म्हणूनच आज जिवंत असलेल्यांत मगरीचे सगळ्यात जवळचे नातेवाईक पालीसरडे नसून पक्षी आहेत. तिचं हृदय पक्ष्यांसारखं आणि आपल्यासारखं चार कप्प्यांचं. सरड्याचं तीन कप्प्यांचं. घरटं, अंड्यातून येणारी हाक, पिल्लांची राखण हे सगळं जोडून बघायला सांगा, तो स्वतःच तिथे पोचेल.

गोष्टींचं काय करायचं? माकड आणि मगरीची गोष्ट बिनधास्त सांगा. त्यातला जांभळं खाणारा मगर वाटतो तितका खुळा नाही: मगरवर्गातल्या १८ जातींच्या आहाराच्या नोंदी २०१३ मध्ये तपासल्या तेव्हा १३ जाती फळंही खातात असं निघालं. मगरींची नवराबायकोची जोडी मात्र नसते, ते गोष्टीपुरतं. नक्राश्रूंमध्येही थोडं तथ्य आहे. फ्लोरिडात मगरवर्गातल्या सात प्राण्यांना खाताना चित्रित केलं, तेव्हा पाच जणांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. दुःखानं नव्हे, जेवताना होणाऱ्या जबड्याच्या आणि श्वासाच्या हालचालींनी ते येत असावं. दात कोरून देणारा पक्षी मात्र मुलांच्या पुस्तकांत अजून उडतोय, त्याचा धड पुरावा कुणाकडे नाही.

एक विनंती. तोंड बांधलेलं पिल्लू हातात देऊन फोटो काढू देणारी ठिकाणं असतात, तिथे नेऊ नका. ते तोंड इतक्या सहज का बांधता येतं ते तुम्हाला आता माहीत आहे. आणि खडे, नाणी, बाटल्यांची झाकणं फेकणाऱ्यांना टोका. पाण्यात पडलेलं मगरी गिळतात, आणि ते पोटातून काढणं किती कठीण असतं ते मी केलेलं आहे.

प्रत्यक्ष त्या दिवशी सगळं आवार फिरून व्हायलाच हवं असं नाही. सकाळी लवकर, मगरी उन्हाला येतात तेव्हा जा. एकाच कुंपणाशी वीस मिनिटं थांबा. पहिली पाच मिनिटं मजेत जातील, पुढची पाच कंटाळ्यात; तो येऊ द्या. मग गळ्याखालची कातडी हलताना दिसते, बराच वेळ न घेतलेला श्वास घेतलेला दिसतो, कुणीतरी पाण्यात कधी सरकली ते कळतच नाही. मुलीला एक काम द्या. मगरी एक डोळा मिटून दुसरा उघडा ठेवू शकतात, आणि समोर माणूस असला की उघडा डोळा त्याच्याकडे ठेवण्याचा त्यांचा कल असतो; खाऱ्या पाण्यातल्या मगरीच्या पिल्लांवर २०१५ मध्ये हे पाहिलं गेलंय. कुठल्या मगरीचा कुठला डोळा उघडा आहे ते तिला वहीत मांडू दे, आणि मग कुंपणाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा मांडू दे.